लंगडा पाद्री

बेल क्रीकच्या निसर्ग मंडळात एकच नियम कडक होता: नाव नाही तर नोंद नाही. वेळेवर यावं, कुत्रं घरी ठेवावं, सहलीत राजकारण बोलू नये, हे बाकीचे नियम कुणी पाळत नसे. पण मंडळाच्या हिरव्या वहीत नावाचा रकाना कोरा राहिलाय, असं व्हर्ना क्लॉपफर चिटणीस झाल्यापासून एकदाही घडलं नव्हतं. शनिवारी सकाळी दलदलीच्या वाटेवर काही उडताना, सरपटताना किंवा नुसतं बसलेलं दिसलं, की व्हर्ना वही उघडून अर्लन टेस्डालकडे बघायची. अर्लन नाव सांगायचा आणि व्हर्ना विचारायची, "स्पेलिंग?" तिचा डावा कान अधू होता, त्यामुळे ऐकलेल्यापेक्षा लिहिलेल्यावर तिचा भरवसा जास्त.

अर्लनला निसर्गातलं फार कळत होतं अशातला भाग नाही. त्याची चाळीस वर्षं गावातल्या बुटांच्या दुकानात गेली होती, आणि गिऱ्हाईकासमोर 'माहीत नाही' म्हणायचं नाही, ही तंबी मालकाने पहिल्याच दिवशी दिली होती. निवृत्तीबरोबर दुकान सुटलं, सवय काही सुटली नाही. पुस्तकं त्याने वाचली होती, निम्मी नावं खरोखर पाठही होती. उरलेली निम्मी तो अशा ठाम आवाजात ठोकून द्यायचा की विचारणाऱ्यालाच आपल्या अज्ञानाची लाज वाटावी. एकदा तळ्यात त्याने सगळ्यांना पाणमांजराचं डोकं दाखवलं होतं. पुढच्या आठवड्यात ते डोकं काठाला लागलं, तेव्हा तो रबरी बूट निघाला. तेव्हा तिथे एकटा अर्लनच होता. बूट दहा नंबरचा आहे हे मात्र त्याने लांबूनच ओळखलं, आणि यात त्याची चूक होणं शक्य नव्हतं.

पण पाणमांजराने त्याची झोप उडवली नव्हती. ती उडवली होती लंगड्या पाद्र्याने.

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. रुईच्या जातीच्या झुडपावर व्हर्नाला एक काळा भुंगेरा सापडला. नखाएवढा, गळ्याभोवती पांढरी पट्टी, आणि चालताना एक पाय जरा ओढणारा. "अर्लन, हा कोण?" अर्लनने जरासं डोकं खाजवलं. समोर वाटेवर चर्चमधला म्हातारा डीकन, म्हणजे दुय्यम पाद्री, एमोस गुडघा धरून लंगडत चालला होता. "लंगडा पाद्री," अर्लन म्हणाला. व्हर्नाने लिहून घेतलं आणि लॅटिन नाव विचारलं. अर्लनच्या खिशात त्या दिवशी स्वतःच्या गुडघ्याला लावायच्या मलमाची नळी होती. तिच्यावरचं लांबलचक नाव त्याने शेपटाला 'उस' जोडून सांगून टाकलं. स्पेलिंगही पाहून दिलं, त्यामुळे ते अचूक होतं.

ही थाप त्या दिवशीच मेली असती तर बरं झालं असतं. पण बेल क्रीकला स्वतःचं असं काही नव्हतं. शेजारच्या गावात सारसांचा मेळावा भरे, पलीकडच्या गावात चीजचा अवाढव्य पुतळा होता. बेल क्रीकने लंगडा पाद्री उचलून धरला. मंडळाच्या शर्टांवर तो आला, बेकरीत पांढऱ्या गळपट्टीची चॉकलेटची बिस्किटं आली. शाळेच्या वसंतोत्सवात दरवर्षी एक पोर काळा झगा घालून रंगमंचावर लंगडत जाई आणि आया डोळे पुसत. आता तर काउंटीच्या कचेरीने वाटेच्या तोंडाशी पितळी फलक लावायचं मंजूर केलं होतं. वर भुंगेऱ्याचं चित्र, खाली 'प्रथम ओळख: अर्लन टेस्डाल'. फक्त एका तज्ज्ञाची सही हवी होती, म्हणून व्हर्नाने विद्यापीठाला पत्र धाडलं आणि भुंगेऱ्यांवर पंधरा वर्षं काम केलेल्या डॉ. सँडोव्हल जुलैच्या दुसऱ्या शनिवारी येते म्हणाल्या.

एकाहत्तराव्या वर्षी, अख्ख्या गावासमोर, आणि तेही शर्टावर तोच भुंगेरा मिरवत, आपलं पितळ उघडं पडणार हे अर्लनला स्पष्ट दिसत होतं. त्याने बायकोला, ओपलला, सगळं सांगितलं.

"मग व्हर्नाला सांगून टाक ना," ओपल बिस्किटांचं पीठ मळत म्हणाली. "फार तर काय, गाव हसेल. तसंही तुझ्या त्या टोपीला हसतंच."

अर्लनने धीर करून फोन लावला. म्हणाला, व्हर्ना, ते पाद्र्याचं नाव मी त्या दिवशी नुसतं ठोकून दिलं होतं.

"ठोकून?" व्हर्ना म्हणाली. "छे रे, ठोकलं कुठे, आपण तर त्याला जिवंत सोडला होता. किती जपतोस तू या जिवांना, अर्लन." आणि फलकावर त्याच्या नावाखाली 'प्राणिमित्र' असंही घालावं का, ते विचारून तिने फोन ठेवला.

शनिवार उजाडला. चौदा माणसं जमली. सगळ्यांनी गोचिडींच्या भीतीने पँटी मोज्यांत खोचल्या, किडे बघायला निघण्याआधी किडे पळवायचं औषध अंगावर भरपूर फवारलं आणि मग किडे का दिसत नाहीत अशी तक्रार करत चालू लागली. डॉ. सँडोव्हल चाळिशीच्या, अबोल, गुडघ्याला ठिगळ लावलेली पँट घातलेल्या. वाटेत जे जे दिसलं ते व्हर्नाने अर्लनलाच विचारलं. आपल्या गावाचा माणूस काय चीज आहे हे पाहुणीला कळायला नको? अर्लनने दोन नावं बरोबर सांगितली, एक चुकीचं. चुकीच्या वेळी बाईंनी फक्त भुवई उचलली. अर्लन तीन वेळा म्हणाला की ढग भरून आलेत, परत फिरू या. आकाश लख्ख निळं होतं.

रुईसारख्या झुडपांपाशी पोचल्यावर भुंगेरा पहिल्याच पानावर बसलेला सापडला. अकरा वर्षांत ज्याला शोधायला तासन्‌तास लागत, तो त्या दिवशी फोटो काढून घ्यायला आल्यासारखा बसला होता. डॉ. सँडोव्हल गुडघ्यांवर बसल्या. त्यांनी भिंग काढलं, भुंगेरा काचेच्या नळीत घेतला, उलटा केला, सुलटा केला. पाच मिनिटं हेच चाललं.

"मला माहीत नाही," बाई म्हणाल्या.

अगदी सहज म्हणाल्या, घड्याळात किती वाजले सांगावं तसं. अर्लनने त्यांच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. कुठे लाज नाही, घाम नाही. उलट बाई खूष दिसत होत्या.

मंडळी मात्र ओशाळली, बाईंच्या वतीने. मागे कुजबुज झाली की विद्यापीठाने बहुतेक कुणी शिकाऊ पाठवलीय, आपल्या अर्लनने तर अर्ध्या मिनिटात सांगितलं होतं. व्हर्नाला बाईंची दया आली. तिने वही उघडून तारीख, लंगडा पाद्री आणि लॅटिन नाव खणखणीत आवाजात वाचून दाखवलं.

बाई उठून उभ्या राहिल्या. "हे शेवटचं नाव गुडघ्याच्या मलमाचं आहे. माझी आई लावते."

अर्लनने डोळे मिटून घेतले.

"असेल ना," व्हर्ना समजुतीच्या सुरात म्हणाली. "मलमाला नाव या भुंगेऱ्यावरूनच दिलं असणार. औषधं जंगलातूनच तर येतात." सगळ्यांनी माना डोलावल्या. बेकरीवाला म्हणाला की तेच मलम आपणही लावतो आणि खरंच गुण येतो.

डॉ. सँडोव्हल यांनी अर्लनकडे पाहिलं. अर्लनने स्वतःच्या बुटांकडे पाहिलं. आत्ता बोलायला हवं, हे त्याला कळत होतं, पण तो वाकून बुटाची नाडी बांधत बसला. नळी पिशवीत ठेवत बाई म्हणाल्या की हा किडा अजून कुणी नोंदवलेला नसेलही, किंवा माझंच वाचन कमी पडत असेल. चार जणांना विचारावं लागेल, दोन वर्षंही लागतील, तोवर सही नाही. मंडळी मोठ्या मनाने म्हणाली, हरकत नाही, तुम्ही सावकाश शिका.

परतीच्या वाटेवर सगळे अर्लनच्या पाठीवर थाप मारत होते. विद्यापीठाला जे जमलं नाही ते आपल्या माणसाने केलं. अर्लनला इतकी शरम आयुष्यात कधी वाटली नव्हती. पकडला गेलो असतो तर बरं, असंही त्याला वाटून गेलं. आणि त्या बाईंचा हेवा वाटत होता, त्यांच्या ज्ञानाचा नव्हे, त्या तीन शब्दांचा.

गाड्या लावल्या होत्या तिथल्या संडासाच्या दारावर एक पतंग बसला होता. राखाडी, पंखांवर लालसर कड, त्याने कधीच न पाहिलेला. चौदा माणसं थांबली. व्हर्नाने वही उघडली, पेन्सिलीला टोक आहे का पाहिलं. डॉ. सँडोव्हलही थांबल्या, पण पतंगाकडे न बघता त्या अर्लनकडे बघत होत्या.

"अर्लन, हा कोण?"

दोन नावं त्याच्या जिभेवर तयार होती, त्यातलं एक तर फारच सुंदर होतं. त्याने दोन्ही गिळली. टोपी काढली. दुकानातला पहिला दिवस त्याला आठवला आणि मालकाचा मनापासून राग आला.

"मला माहीत नाही," अर्लन म्हणाला.

म्हटलं आणि इतकं हलकं वाटलं, जणू दिवसभर घातलेले घट्ट बूट कुणीतरी पायांतून उपसून काढले. बाई पहिल्यांदाच हसल्या. व्हर्नाने उजवा कान पुढे केला, पेन्सिल नावाच्या रकान्यावर टेकवली आणि मान वर न करता विचारलं, "स्पेलिंग?"