मॅडमची चावी

न्यूट्रल

पडद्याला खाली चार बोटं कापड जास्तीचं सोडावं. धुतल्यावर आटतं.

एका पायात नवी चप्पल, दुसऱ्या पायात जुनी. उरलेल्या दोघी दारात पायपुसण्यावर एकमेकींकडे बघत बसलेल्या.

"क्लच म्हणजे काय? बोलता बोलता जरा दम धरणं." हे वाक्य एक माणूस गेली कित्येक वर्षं अनोळखी लोकांना सांगत आला आहे.

कचेरी दुपारी बंद होते. उद्यापासून साहेब लांबच्या रजेवर.

घरात मेणबत्ती मिळाली नाही.

टक.

पहिला

तो टक आवाज चावीचा. अर्धी चावी बाईंच्या चिमटीत राहिली आणि अर्धी गाडीच्या पोटात.

बाई म्हणजे पडदे शिवणाऱ्या बाई. आसपासच्या गल्ल्यांमधल्या बहुतेक खिडक्यांना त्यांची टीप आहे. साठी उलटलेली, अंगावर नवे पिवळे कपडे, डोळ्यांत काजळ जरा हात सोडूनच घातलेलं, पायांत घाईत चढवलेल्या दोन जोडांच्या चपला. शिवणाच्या खोलीला लागून असलेल्या पत्र्याच्या गॅरेजात त्या स्टिअरिंगमागे बसल्या होत्या, आणि दुपारच्या आत त्यांना विवाह नोंदणीच्या कचेरीत पोचायचं होतं, कारण तिथे लग्न होतं. त्यांचंच.

चूक कशी झाली ते सांगायला हवं, कारण ही चूक दुसऱ्या कोणाच्या हातून झालीच नसती. एवढ्या जुन्या गाडीत चावी फक्त एक टिचकी फिरते. तांबडा दिवा लागला की चावीचं काम संपलं. इंजिन सुरू करायची मूठ वेगळी, ती ओढायची. पण बाई शिकल्या नव्या गाडीवर. तिथे गाडी शिकवणारे मास्तर रोज बजावायचे, चावी अर्धवट सोडू नका, शेवटपर्यंत फिरवा, इंजिन बोलेपर्यंत फिरवा. बाई पडल्या आज्ञाधारक. त्यांनी चावी शेवटपर्यंत फिरवली आणि शेवटाच्याही थोडी पुढे.

मागच्या सीटवर त्यांची लेक बसली होती. ती स्वतः दोन पोरांची आई, पण सकाळपासून आपणच आईला नांदायला पाठवतोय अशा थाटात वावरत होती. टक ऐकून ती पुढे वाकली. मग म्हणाली, "आई, टॅक्सीने गेलीस तर लग्न कमी लागतं का?"

बाईंनी मागे वळून नुसतं पाहिलं. लेकीने मुकाट्याने चावीवाल्याला फोन लावला.

रिव्हर्स

गाडी बाईंच्या गेलेल्या यजमानांची. सायीच्या रंगाची, पाठ गोल, दिवे डोळे वटारल्यासारखे. यजमान तिला मॅडम म्हणत. घरात मॅडम अशी हाक गाडीला आणि 'अगं' अशी हाक बाईंना. मॅडमला रोज फडकं, महिन्यातून एकदा मेण, आणि परक्या हाताचा स्पर्श नाही. परक्यांत बाई आल्या. त्यांची जागा शेजारची. पर्स मांडीवर घ्यायची, काच वर घ्यायची, दार हळू लावायचं.

यजमान गेल्यावर गॅरेजच्या खिडकीला बाईंनी पडदा शिवला आणि तो ओढून घेतला. बरीच वर्षं तो तसाच राहिला. मग एका सकाळी, कोणालाच कारण न सांगता, त्यांनी गाडी शिकायच्या वर्गात नाव घातलं.

मास्तर विधुर, बारीक, बडबडे. शिकाऊ गाडीत त्यांच्या पायाखाली जादा ब्रेक होता आणि विद्यार्थ्याला कळू न देता तो दाबण्यात त्यांचा हात, म्हणजे पाय, कोणी धरू शकत नव्हतं. बाईंना पहिल्याच दिवशी कळलं. त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि सांगितलं, थांबवायची असेल तर मला सांगा, परस्पर थांबवू नका. मास्तरांना असं आजवर कोणी बोललं नव्हतं. त्यांनी पाय वर घेतला, आणि तिथूनच प्रकरण हाताबाहेर गेलं.

लग्नाची तारीख ठरल्यावर मास्तर गमतीने म्हणाले होते, तुम्ही मॅडमला चालवत आलात तरच ओळख दाखवीन. दोघंही हसले. पण घरी आल्यावर बाईंच्या लक्षात आलं की आपण हसून सोडून दिलेलं नाही. आईवडिलांच्या घरातून त्या बसवून आणल्या गेल्या होत्या. इथून पुढेही कोणी बसवूनच नेणार असेल, तर नुसतं घर बदललं, दुसरं काय? त्यांनी मेकॅनिककडून मॅडमला नवी बॅटरी आणि पेट्रोल घालून घेतलं. त्यांना या गॅरेजातून स्टिअरिंग हातात धरून बाहेर पडायचं होतं. एवढंच. पण ते एवढंच नाही झालं, तर बाकीचं सगळं त्यांना तोकड्या पडद्यासारखं वाटणार होतं.

दुसरा

चावीवाला स्कूटरवरून आला तोच बोलत आला. पाच मिनिटांचं काम आहे काकू. गाडी पाहिल्यावर त्याने पायातले बूट काढले, का ते त्यालाही माहीत नसावं, आणि पुन्हा म्हणाला, पाच मिनिटं.

आतला तुकडा त्याने करवतीच्या बारीक पात्याने ओढून काढला, तो मात्र झकास. दोन्ही तुकडे त्याने तळहातावर जुळवले आणि उजेडात धरले. चावी नेमकी एका दातावर मोडली होती आणि त्या दाताचा कण कुठेतरी उडाला होता. शिवाय एवढ्या जुन्या घडणीची कोरी चावी आता कोण ठेवतो? त्यातल्या त्यात जवळच्या तीन त्याच्या पत्र्याच्या डब्यात निघाल्या. त्यांच्या पाठी घासून त्याने त्या कुलपात जातील एवढ्या बारीक केल्या.

मग मेणबत्ती मागितली. चावीवर काजळी धरायला. ती नव्हती, तेव्हा बाईंनी कापडावर खुणा करायचा निळा खडू पुढे केला. चावीवाल्याने तो हुंगून पाहिला आणि चालेल म्हणाला. खडू चावीवर चोळायचा, चावी कुलपात घालून हलका हिसका द्यायचा, बाहेर काढून उजेडात धरायची. जिथला खडू पुसला, तिथे कुलपाचं पान, म्हणजे आतली पातळ पट्टी, अडतंय. तिथे कानस मारायची. पुन्हा खडू.

"म्हणजे फिटिंग बघणंच की हे," बाई म्हणाल्या आणि त्यांना हसू फुटलं.

पहिली चावी आत गेली, बाहेर आली, पण फिरायचं नाव नाही. "हे कुलूप नाही काकू, खाष्ट सासू आहे. घरात घेते, पण बसायला सांगत नाही," चावीवाला म्हणाला. दुसरी चावी फिरेल फिरेल अशी वाटत असताना कानस अंमळ जास्त लागली आणि ती कुलपात चमच्यासारखी ढवळायला लागली. लेकीने ती ढवळून पाहिली. मग बाईंनी पाहिली. मग कोण आधी हसलं सांगता येत नाही, पण तिघंही गॅरेजच्या फरशीवर बसून पोट धरून हसत होते. चावीवाला म्हणत होता की यात हसण्यासारखं काही नाही, आणि डोळे पुसत होता.

घड्याळाकडे कोणी बघायचं नाही असं ठरलं होतं, म्हणून तिघंही बघत होते.

चावीवाल्याने दबक्या आवाजात आणखी एक वाट सुचवली. खालून दोन वायरी जोडल्या की चावीची भानगडच नाही. बाई ताठ झाल्या. म्हणाल्या, पळवून नेतात तशी गाडी नेणार नाही.

"आई, तू पळूनच तर चालली आहेस," लेक म्हणाली, आणि हसण्याचा दुसरा लोंढा आला. यात आणखी वेळ गेला.

तिसरा

उरलेली चावी एकच. चावीवाल्याने या वेळी ना गोष्ट सांगितली ना पाच मिनिटं म्हटलं. खडू, हिसका, उजेड, कानस. खडू, हिसका, उजेड. निळी भुकटी बाईंच्या पिवळ्या कपड्यांवर पडली आणि त्यांनी ती झटकलीही नाही. शेवटी त्याने चावी पुढे केली. माझा हात आता जड पडतोय काकू, तुम्हीच बघा.

बाईंनी ती घातली. जुनं विरलेलं कापड सुईखाली सरकवावं तशी, जोर न लावता, फिरवली.

टिचकी. तांबडा दिवा.

बाईंनी मूठ ओढली. मॅडम खोकली, पुन्हा खोकली, मग इतक्या वर्षांचं साचलेलं एकदम बोलायला लागली. पत्रे थरथरले. शिवणाच्या खोलीतल्या रिळांनी टेबलावरून उड्या घेतल्या.

तेवढ्यात चावीवाल्याने चावी परत फिरवून पाहिली. फिरेना. गाडी चालू झाली होती आणि आता ती बंद व्हायला तयार नव्हती. त्याने खाली मान घालून हे सांगितलं, तर बाई म्हणाल्या की बंद कोणाला करायची आहे, आणि तुम्हीही बसा. तो डबा मांडीवर घेऊन शेजारी बसला. बाईंनी त्याला काच वर घ्यायला आणि दार हळू लावायला सांगितलं.

टॉप

आयुष्यभर गाड्यांच्या चाव्या केल्या, पण गाडी काही शिकलो नाही, हे चावीवाल्याने पहिल्या वळणावर कबूल केलं आणि दुसऱ्या वळणावर डोळे मिटले. लेक मागून रिकामा रस्तासुद्धा मोठ्याने वाचून दाखवत होती. बाईंना काहीच ऐकू येत नव्हतं. दोन्ही बाजूंना त्यांनी शिवलेले पडदे मागे पळत होते. ते बाजूला सारून माणसं बघत होती, कोणी हात हलवत होतं. बाई हात हलवणार नव्हत्या, दोन्ही हात कामात होते, पण हॉर्न वाजवायला काय जातं? त्यांनी वाजवला. त्याचा आवाज एखाद्या जाड म्हशीसारखा निघाला आणि त्यांना तो इतका आवडला की पुढच्या चौकापर्यंत त्यांनी विनाकारण तो वाजवला. एक पाण्याचा टँकर पुढे रेंगाळत होता. आरसा पाहिला, हात दाखवला, बाजूने काढली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कोणाला तरी मागे टाकलं.

कचेरीच्या दारात शिपाई कुलूप हातात घेऊन उभा होता. मास्तर पायरीवर उभे होते, चुकीच्या दिशेला नजर लावून. नव्या शर्टाच्या घड्या मोडलेल्या नव्हत्या. आवाज ऐकून ते वळले. गाडी पायरीला लागेपर्यंत त्यांनी तोंड उघडं ठेवलं होतं, मग खिडकीशी येऊन विचारलं, बंद का करत नाही?

"होत नाही."

"मग आटपू या लवकर. पेट्रोल जळतंय."

चावीवाल्याला गाडीत बसवून तिघं आत धावले. साहेबांनी टोपण लावलेलं पेन पुन्हा उघडलं आणि नियमाप्रमाणे विचारलं, तुम्ही हे स्वखुशीने करताय ना?

बाईंचे कान बाहेर इंजिनाकडे. "हो," त्या म्हणाल्या, "मीच चालवत आले."

साहेबांनी त्यातलं हो तेवढं घेतलं. मास्तरांची सही चौकटीबाहेर गेली. कचेरीतल्या दोघांपाठोपाठ लेकीने साक्षीदार म्हणून सही केली, रडली, आणि मग शिपायाने, ज्याला कोणी काही विचारलं नव्हतं, टाळ्या वाजवल्या.

बाहेर आले तर शांतता. चावीवाला गाडीशेजारी उभा, घामाने निथळलेला, चेहरा उजळलेला. "बंद केली, काकू."

आता चालू करा, बाई म्हणाल्या. त्याने फिरवली. फिरेना. खडू घरीच राहिला होता. तो आणायला चावीवाला आणि लेक टॅक्सी बघायला गेले. शिपायाने दाराला कुलूप घातलं. ते कुलूप बघून चावीवाला लांबूनही नाक मुरडून गेला.

बाई स्टिअरिंगमागे बसल्या, मास्तर शेजारी. गाडी हलत नव्हती, तरी मास्तरांचा पाय सवयीने खाली फरशीवर काहीतरी चाचपत होता.

"शोधू नका," बाई म्हणाल्या. "इथे एकच आहे."

रिव्हर्स

सकाळी कचेरीकडे येताना, एकटेच असून, मास्तरांनी बसमध्ये दोन तिकिटं काढली होती, एक स्वतःचं आणि एक बाईंचं.