कोरा राहिलेला बूट

मी एक जुना बूट आहे, मित्रांनो. धावण्याचा, तळाला खिळे असलेला, उजव्या पायाचा. जुना आपला नुसता वयानं! डावा माझा जुळा भाऊ, पण त्याला बोलायचा भारी कंटाळा, म्हणून सगळं मलाच सांगावं लागतं.

आमची मालकीण आठशे मीटर धावायची. मैदानावर सगळे तिला ताई म्हणत. तिचा उजवा पाय जरा रुंद, त्यामुळे दुकानातले बूट तिला चावायचे. म्हणून तिच्या टेम्पो चालवणाऱ्या दादानं एका कारागिराकडून तिच्या मापानं आम्हाला बनवून घेतलं. ताईनं आम्हाला छातीशीच धरलं.

"दादा, हे मी फायनललाच घालीन!"

झालं! तिथंच आमचं नशीब फुटलं.

सरावाला जुने बूट, लहानमोठ्या शर्यतींना जुने बूट. आम्ही आपले मऊ फडक्यात. कुणी घरी आलं की आम्हाला बाहेर काढायचे, "काय देखणे आहेत हो!" म्हणायचे, की पुन्हा फडक्यात. नुसत्या कौतुकानं काय पोट भरतं?

मग देशाच्या संघाची निवड आली. उपांत्य फेरीच्या सकाळी तिचे सर ओरडले, "अगं, त्या बुटांचे खिळे झिजलेत. नवे घाल!"

"नको सर, ते फायनलला."

"आधी फायनलला पोच तर!"

ऐकेल ती ताई कसली? शेवटच्या वळणावर तिनं जोर लावला आणि झिजलेला बूट सरकला. ती पडली नाही, पण लय गेली ती गेलीच. फायनल तिच्याशिवाय झाली. टाळ्या मी पिशवीत बसून ऐकल्या. अजून आठवलं की जीव तुटतो.

पुढे गुडघ्यानं दगा दिला आणि ताईचं धावणं सुटलं. आम्ही कपाटाच्या वरच्या फळीवर गेलो. तिला आमच्याकडे बघवत नसे.

परवा दादाच्या मुलीनं आम्हाला हुडकून काढलं. पोरगी थेट आत्याच्या वळणावर गेलीय, पायसुद्धा तसेच.

"आत्या, शर्यतीला घालू?"

ताईनं स्वतः खाली बसून नाड्या बांधल्या. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! पोरीनं धूम ठोकली, आणि फाटकाशी पोचायच्या आतच माझा तळ उकलला. तळ चिकटवलेला गोंद कधीच वाळून गेला होता. डाव्यानंही आ वासला.

"आत्या, हे तर नवीनच होते ना गं?"

"नवीनच राहिले, बाळा," असं म्हणून ताई माझा तळ मांडीवर घेऊन पायरीवर बसून राहिली.

मित्रांनो, वस्तू जपा. चिखल पुसा, नाडी सोडूनच बूट काढा. पण आधी धावा हो! झिजून फाटलो असतो, तर मी हूं की चूं केलं नसतं. मी न झिजताच फाटलो.