मिठाच्या रांजणातले तांदूळ

मिठागराचं काम दिवाळीनंतर सुरू व्हायचं आणि मृग लागायच्या आत संपायचं. पुढचे चार महिने भाईंदरजवळच्या राई गावातल्या आमच्या घरात कमाई नसायची. खाणारी तोंडं सहा. मंदाचे वडील परशुराम, सासूबाई सरूबाई, मी, थोरली मंदा आणि तिच्या पाठचे दोघे भाऊ.

बहात्तरच्या दसऱ्याला माझी नणंद द्वारका आली. ती पार्ल्याला एका घरी स्वयंपाकाला होती. चहा पिता पिता म्हणाली, "वहिनी, आमच्या शेजारच्या बाईंना बाळ सांभाळायला पोरगी पाहिजे. जेवण-कपडा तिकडंच. पगार तुमच्या हातात. मंदाला धाडा."

मंदा तेव्हा अकरा वर्षांची होती. दाराशी बसून ती कोलीम, बारीक कोळंबी, निवडत होती. तिचा हात थांबलेला मी पाहिला.

"तिला न्हाय धाडायची," मी म्हटलं.

ह्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "पावसात खायला काय घालशील? पुढल्या नवरात्रापर्यंत पुरंल येवढा तांदूळ जमवून दाखव. पुरला तर पोरगी घरात. न्हाय पुरला तर द्वारकाबरोबर जाईल."

मी कबूल केलं.

दुष्काळाचं साल होतं. रेशनवर तांदूळ थोडा आणि परदेशातली लाल ज्वारी जास्त मिळायची. तिची भाकरी थापतानाच तुटायची. मी पेजेचं पाणी उकळून त्यात पीठ मळायला लागले, तेव्हा ती जरा धरायला लागली. दुकानातून अख्ख्या तांदळाऐवजी कण्या आणायच्या. नारळ बंद केला. कालवणाला चिंच, मिरची आणि मूठभर सुकट. ओहोटीला मंदा आणि मी खाडीच्या चिखलात उतरून निवट्या, ती चिखलातली मासळी, धरायचो. मीठ तेवढं आमच्याकडे भरपूर. मजुरीबरोबर पाटीभर मिळायचंच.

रोज टोपात तांदूळ घेतला की धुवायच्या आधी त्यातली एक मूठ मी बाजूला काढायची. सासूबाई हसायच्या. "मूठ हाय का चिमणीची चोच, गो? अशानं नातवाच्या लग्नापर्यंत जमंल." पण एक दिवस मी त्यांना स्वतःच्या ताटातला भात धाकट्याच्या ताटात सारताना पाहिलं. मग मी त्यांचं बोलणं मनावर घेणं सोडलं.

मंदाला तर मूठ काढायची हौसच झाली होती. मी विसरले तर ती आठवण करायची. तिची मूठ लहान, म्हणून दोनदा काढायची.

तांदूळ साठवायचा कशात, हा प्रश्न होता. गोणीला उंदीर लागतात. सासूबाई म्हणाल्या, "पत्र्याचा डबा आण झाकणाचा. कडुलिंबाचा पाला घाल. माझी आय तसंच करायची."

मी भाईंदरला दुकानात विचारलं. शेठ म्हणाला, "तेल का खाली डब्बा भी बिकता है, बेन. दो रुपया." दोन रुपयांत त्या दिवसांत बऱ्याच कण्या यायच्या. मी कण्या घेऊन घरी आले.

घरात मिठाचा जुना रांजण होता. आम्ही मासळीचा एक थर आणि मिठाचा एक थर लावून ठेवायचो, आणि मासळी वर्षभर टिकायची. नासणारी मासळी टिकते, तर तांदळाला काय होणार? कीड मिठाजवळ फिरकत नाही. शिजवताना चार पाण्यांनी धुतला की झालं. मी तळाला वीतभर मीठ घातलं. मग तांदूळ, मग मीठ, पुन्हा तांदूळ. सासूबाईंनी पाहिलं आणि मान हलवली. मी म्हटलं, "दोन रुपये वाचले."

उन्हाळाभर तांदूळ कोरडा खडखडीत राहिला. वैशाखात रांजण गळ्यापर्यंत आला. ह्यांनी आत हात घालून पाहिला आणि म्हणाले, "जमवलास म्हनायचा." मंदा त्या दिवशी उगाचच घरभर नाचत होती. पावसाची ओल लागू नये म्हणून मी तोंडावर पत्रावळ बांधली आणि वरून शेणमाती लिंपली. आषाढाच्या आत उघडायचा नाही असं ठरवलं.

आषाढात रेशनची ज्वारी संपली, तेव्हा लिंपण फोडलं. आधी वास आला. आत हात घातला तो मनगटापर्यंत ओला झाला. मिठाला पाणी सुटलं होतं. ते सगळ्या तांदळात उतरलं होतं. वरचा पिवळा, मधला काळपट, आणि खाली नुसता लगदा.

मी वरवरचा तांदूळ वेचला. पाच पाण्यांनी धुतला, रात्रभर भिजवला, पुन्हा धुतला. सकाळी चुलीवर चढवला. सासूबाई वासानेच बाहेर जाऊन बसल्या. ह्यांनी एक घास घेतला आणि थुंकला. मुलांना मी दिलाच नाही.

मंदा आपणहून ताट घेऊन बसली. एकामागून एक घास गिळत राहिली. "आये, बरा लागतोय. थोडा खारट हाय, बस. बाबा, खाऊन बघा ना."

"पुरे, पोरी," हे म्हणाले.

"खरंच बरा हाय."

तिने ताट पुसून खाल्लं. तासाभराने अंगणात बसून सगळं ओकली. मी तिची पाठ चोळत होते. ती म्हणाली, "मी घाईघाईनं खाल्ला, म्हणून झालं."

ह्यांनी छत्री घेतली. "द्वारकाला निरोप धाडतो," एवढंच म्हणाले. सासूबाई मला काय काय बोलू शकल्या असत्या. पण रांजण त्यांनीच पाटी-पाटीने खाडीवर नेऊन रिकामा केला.

चौथ्या दिवशी मंदा द्वारकाबरोबर पार्ल्याला गेली.

तिच्या पगारावर श्रावणात आमची चूल पेटली. भादव्यातही पेटली. मुलं पुन्हा भात खायला लागली. तिला परत आणायचा विषय मी एकदा काढला, तेव्हा हे म्हणाले, "मग ह्या दोघांना काय घालशील?" मूठ मी काढतच होते, पण ती आता कशासाठी, हे कोणी विचारत नव्हतं.

दिवाळीला ती दोन दिवसांसाठी आली. केस तिकडच्या बाईंनी कापून टाकले होते. हाताला साबणाचा वास आणि बोटांना भेगा. काखेत पत्र्याचा एक डबा होता, झाकणासकट, घासून लखलखीत केलेला.

"बाईंनी टाकायला काढला होता. मी मागून घेतला," ती म्हणाली. झाकण दाबून तिने डबा उलटा करून दाखवला. "बघ आये, कसा घट्ट बसतो. पाणी जायचं न्हाय."

तिने तो चुलीजवळ नेऊन ठेवला. मग टोपातली मूठ स्वतः काढून आत टाकली. आता तिची मूठ माझ्याएवढी भरत होती.

"आता पावसापर्यंत भरंल ना?" तिने विचारलं.

मी हो म्हटलं. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी द्वारका तिला न्यायला आली.