तिसरी शिवण

“गेली तरी पहिलीच!” मोबाईल मशीनवर आपटत टेलरबाई म्हणाल्या, आणि लगेच त्यांनी जीभ चावली.

नशीब, दुकानात कोणी नव्हतं. दुकान तरी कसलं, जिन्याखालची खोली: एक मशीन, एक इस्त्री, एक आरसा आणि टेलरबाई. शाळेच्या जुन्या वर्गाच्या ग्रुपवर सकाळपासून नुसता पूर आला होता. किती गुणी, किती टापटीप, अशी पुन्हा होणे नाही! दीड वर्षाच्या दुखण्यानंतर गेल्या आठवड्यात फूटपट्टी गेली होती आणि उद्या दहा वाजता शाळेत तिची शोकसभा होती.

फूटपट्टी हे वर्गानेच ठेवलेलं नाव. पट्टी न लावता ती सरळ रेघ मारायची. कापडावर तर विचारूच नका! शिवणाच्या बाई दर शुक्रवारी तिचा रुमाल वर धरायच्या. “बघा गं, याला म्हणतात टाका!” मग दुसरा रुमाल वर जायचा, तो टेलरबाईंचा. “हाही बरा आहे हो.” त्या ‘हाही’ने काळजाला जे भोक पडलं, ते तीस वर्षांत रफू झालं नव्हतं.

आणि वर कहर म्हणजे एवढी बोटांत जादू असून बाईसाहेब पोस्टात कारकून झाल्या. टेलरबाई ज्यावर पोट भरत होत्या, ते तिने नुसतं हौसेपुरतं ठेवलं. उरलंसुरलं ताटात टाकून उठावं तसं!

“मावशी, येऊ?”

दारात फूटपट्टीची मुलगी. शाळेचा गणवेश, दोन वेण्या, छातीशी निळा कोट कवटाळलेला.

“ये गं. बस.”

“आईचा आहे. उद्या सभेत घालायचाय. मापात करून द्याल?”

टेलरबाईंनी तो तिच्या अंगावर चढवला. बटणं लागेनात.

“अगं, तू एवढीशी काडी आणि तुला हा घट्ट?”

“शेवटी आई माझ्याहून बारीक झाली होती.” मुलगी आरशात बघत नव्हती. “सैल झाला की स्वतःच आत घ्यायची. मला सुईला हात लावू द्यायची नाही.”

टेलरबाईंनी कोट काढून घेतला आणि सवयीने उलटा केला. अस्तर नव्हतं, सगळं उघडं. दोन्ही बाजूंना मूळ शिवणीच्या आत, बोटबोटभर अंतरावर, हाताने घातलेल्या आणखी तीन शिवणी. पहिली सरळ. अगदी ओळंब्यात. दुसरीही तशीच, बघूनच अंगाचा तिळपापड व्हावा इतकी सरळ. आणि तिसरी...

तिसरी वेडीवाकडी होती. एक टाका तांदळाएवढा, पुढचा नखाएवढा. मध्येच रेघ घसरून पुन्हा वर चढलेली.

“चुकलीस!” टेलरबाईंच्या तोंडून निसटलं. आनंदाने, अगदी टाळी द्यावी तसं.

“काय?”

“काही नाही गं. शिवणीला म्हटलं.”

मुलीने एक वेणी मागे टाकली. मग म्हणाली, “खरं सांगू? तुमच्याकडे कोट नेऊ नकोस, म्हणाली होती आई.”

“का? मी काय खाते कोट?”

“म्हणाली, ती आधी उलटून बघेल.” मुलीला हसू आलं. आईचा आवाज तिने हुबेहूब काढला. “‘वर्गात सगळ्या माझा रुमाल सुलटा बघायच्या. ही एकटी गाठी शोधत उलटा करायची. तिच्या धाकाने मी मागची बाजू पुढच्यासारखी करायला शिकले. बाईंनी कुठे, त्या पोरीनेच शिकवलं मला.’”

टेलरबाईंचा चेहरा लाल झाला.

“असं म्हणाली? आणि हे मला तोंडावर सांगितलं असतं, तर काय जीभ झिजणार होती तिची?”

“मीपण तेच म्हटलं. तर म्हणाली, सांगितलं की ती बघायचं सोडेल.”

“बघ! बघ कशी डांबरट होती!” टेलरबाई ओरडल्या आणि खडू शोधायला उगाचच खाली वाकल्या. खडू कानावरच होता.

मुलगी गेल्यावर त्यांनी ब्लेड घेतलं. कोट पोरीच्या अंगात जायचा तर तिन्ही शिवणी उसवून तिच्या मापाची नवी घालायला हवी होती. आधी तिसरी. टाके इतके ढिले की दोरा नुसता ओढला तरी निघत होता. शेवटची गाठ मात्र हलेना. शिवणाच्या बाईंनी शिकवलेली, तीन वेढ्यांची. एवढं थकून कुठली बया तीन वेढे घालते? टेलरबाईंनी ती ब्लेडने कापली आणि बोट चोखत बसल्या. लागलं वगैरे नव्हतं.

सकाळी मुलगी आली तेव्हा कोट खुंटीवर उलटा टांगलेला होता.

“मावशी, उलटा आहे.”

“असू दे. आधी मागची बाजू बघ.”

मुलीने टेलरबाईंच्या नव्या टाक्यांवरून बोट फिरवलं. एकसारखे, तांदळाच्या दाण्यांसारखे. मग तिचं बोट थांबलं. शेजारी सुईच्या बारीक छिद्रांची वाकडी ओळ तशीच होती.

“हे राहिलंय.”

“ते जात नाही,” टेलरबाई म्हणाल्या.

सरळ दोन ओळी इस्त्रीखाली केव्हाच मिटल्या होत्या. तिसरीवरून त्यांनी इस्त्री फिरवलीच नव्हती.