मुकीचा आवाज

साऱ्या गावाला जिचा आवाज पाठ आहे, तिनं तळघरात उतरलं की तोंडाला कुलूप लावून राहायचं, म्हणजे काय खायचं काम आहे? बसस्थानकावर घोषणा करणारी बाई ती. तिनं "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे" एवढं म्हटलं, की बाकावर पेंगणारा माणूससुद्धा आवाज ओळखायचा. गाडी उशिरा आली की शिव्या कोणाला? हिलाच. आणि हिनं वर गोड आवाजात माफी मागायची! आतून नुसता तिळपापड व्हायचा. तो सगळा राग ती रविवारी दुपारी, बंद पडलेल्या छापखान्याच्या तळघरात काढायची.

तिथं बायकांच्या झुंजी चालत, चोरून. तोंडावर फडकं, पाय अनवाणी, भोवती दोर. नियम एकच: हरणारीनं "पुरे" म्हणायचं, आणि तेही मागच्या भिंतीपर्यंत ऐकू जाईल असं. मान हलवून चालत नाही, जमिनीवर हात आपटून चालत नाही. ही मात्र तिथं ब्र काढायची नाही. प्रेक्षकांत अर्धे बसस्थानकावरचेच. एक शब्द तोंडातून निघाला की संपलं. म्हणून तिचं नाव पडलं मुकी. आजवर हरलीच नव्हती, तेव्हा त्या नियमाची फिकीर कशाला करेल?

तशी भीती लोकांची नव्हतीच. भीती होती दादाची. बाबांचा उजवा हात याच तळघरात झुंजताना कायमचा निकामी झाला होता. दादा बस चालवायचा आणि घरी आला की बाबांच्या शर्टाची बटणं लावायचा. "आपल्या घरातलं कुणी त्या नरकात परत गेलं, तर ते मला मेलं," असं तो एकदाच म्हणाला होता. आई गेल्यावर तिच्या वेण्या यानंच घातलेल्या, वाकड्यातिकड्या. या माणसाला मेलेली व्हायचं तिच्यानं झालं नसतं.

त्या दिवशी समोर होती गोणी. बाजारात पोती वाहणारी, दारातून तिरकी होऊन आत येणारी बाई. मुकीनं सुरुवातीला तिला चांगलीच घुमवली. एक कानाखाली ठेवून दिली, एक बरगडीत. गोणी दातओठ खात मागं सरली, तेवढ्यात मुकीची नजर दोराबाहेर गेली आणि तिथंच अडकली.

दादा! उलट्या खोक्यावर ऐसपैस बसलेला. त्याची आजची गाडी रद्द झाली होती. सकाळी घोषणा तिनंच तर केली होती. गडी घरी झोपला असेल असं धरून चालली, तिथंच फसली. दारवाला त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणत होता, "काय राव, बुधवारी नाही दिसलात?" बुधवारी पुरुषांच्या झुंजी असत. म्हणजे हा नेहमीचा! वा रे वा, दादा!

हे मनात यायला आणि गोणीचा गुडघा पोटात बसायला एकच गाठ पडली. पुढच्या क्षणी मुकी पालथी पडली होती, पाठीवर गोणी, आणि उजवा हात मागं पिळलेला. खांद्यात कळ अशी गेली की डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"म्हण पुरे!" गोणी खेकसली.

मुकीनं ओठ घट्ट मिटले. हात आणखी वर गेला. खांद्यात काहीतरी करकरलं. गोणी कानाशी कुजबुजली, "बाई, बोल ना गं, मला मोडायचा नाहीये." आणि बाहेरून, सगळ्या गोंगाटावरून, तिला लहानपणापासून ओळखीचा आवाज आला.

"मोड! मोड तिचा हात!"

दादाच होता तो. मानेच्या शिरा ताणून, उभा राहून ओरडत होता. तिला भीती वाटायचीच थांबली. असा राग आला, असा राग आला की दुखणंही विसरली. या माणसासाठी मी हात घालवू?

"पुरे!" ती म्हणाली. खणखणीत, स्पष्ट, रोज घोषणा करायची तशी.

गोणीनं झटक्यात हात सोडला. कुणीतरी "अरे, ही तर आपली..." म्हणालं. दादाचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. मग तो दोर ओलांडून आला, गुडघ्यांवर बसला, अंगातला गणवेशाचा शर्ट काढला आणि तिच्या गळ्यात झोळीसारखा बांधला. भर दुपारी, नुसत्या बनियनवर, तो तिला घरी घेऊन आला.

बाबा खिडकीशी बसले होते. त्यांनी शर्टाची झोळी बघितली, मुलाचा उतरलेला चेहरा बघितला. काय झालं, कुठं झालं, एक प्रश्न नाही. डाव्या हातानं त्यांनी तिचा खांदा चाचपला.

"बाबा," दादा भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "मी ओरडत होतो. हात मोड म्हणून. मला माहीत नव्हतं हो ती..."

"दुसऱ्या कुणाची असती तर चाललं असतं?" बाबा म्हणाले. मग ते तिच्याकडे वळले. "पुरे म्हणालीस?"

तिनं मान खाली घातली. "म्हणाले."

"शहाणी गं माझी बाई." बाबा म्हणाले. "मला नाही जमलं ते. सगळे बघत होते ना."

मग त्यांनी ताट पुढं ओढलं आणि डाव्या हातानं तिच्या डाव्या हाताची बोटं घासाभोवती नीट मिटवून दिली.

"चार दिवस असंच जेवायचं आहे," ते म्हणाले. "ये, मी शिकवतो."