दहा चिमट्यांची मोजणी

लोकांच्या जुनाट दुखण्यांचा समाजावर किती भार पडतो, याची पाहणी करणाऱ्या कचेरीला महिनाभरात कळून चुकलं, की दहापैकी किती दुखतं असं विचारलं, तर एकाचं पाच दुसऱ्याच्या पाचाशी जुळत नाही. मग साहेबांनी प्रत्येक मोजणीदाराला कपडे वाळत घालायचे दहा चिमटे दिले. दुखणेकऱ्याच्या कानांना, बोटांना एकेक लावत जायचं. तो "बस, माझं दुखणं एवढंच दुखतं" म्हणाला, की चिमटे मोजून आकडा लिहायचा. सातच्या वर गेला, तर उपचारांच्या यादीत नाव.

आपल्या मोजणीदाराने चारशे घरं इमानेइतबारे चिमटली. स्वतःचं घर मोजायची मात्र मनाई होती, आणि बायकोची कंबर तर अकरा वर्षं दुखत होती. यादी बंद व्हायच्या दिवशी साहेब जातीने आले.

दहाही चिमटे लागले. बायको ढिम्म.

"वहिनी, काही जाणवतंय?"

"हे होय? छे! कंबर सवड देईल तर ना!"

"म्हणजे जाणवत नाही," म्हणत साहेबांनी शून्य लिहिलं.

मोजणीदार पुढे सरसावला. "साहेब, अहो, उलट आहे ते..."

"तुम्ही चारशे घरांत हाच नियम पाळलात ना?"

पाळला होता. पलीकडच्या गल्लीतल्या वाकलेल्या शिंपीणबाईंना त्याने असंच शून्य दिलं होतं, वर अभिनंदनही केलं होतं.

बायकोने चिमटे उतरवले. "साहेब, कान करा बघू इकडे."

चौथ्याला साहेब कण्हले, सातव्याला कळवळले. दहा संपले तशी ती दोरीवरचे आणायला गेली. शेजारणीच्या चादरी धपाधप खाली पडल्या.

"आता असेच खाली जा आणि बादली भरून आणा."

"एवढे लावून? वहिनी, चालवेल कसं?"

"चालवतं हो. वर आलात की हे विचारतील, 'आज तुला झालंय तरी काय?'"

हे मोजणीदार रोज विचारायचा.

साहेब तिसऱ्या पायरीवरच बसले. "दहा!" ते तिथूनच ओरडले. "अहो, दहा लिहा!"

मोजणीदाराने शून्याच्या आधी एक लिहिला. मग पिशवीतले चारशे कागद काढून तो त्यांतली शून्यं शोधायला बसला. पहिला कागद शिंपीणबाईंचा.

पण थोड्याच वेळात तो उठला आणि बादली घेऊन खाली गेला. साहेब अजून जिन्यातच होते, कानांचे चिमटे सोडवत.