साळूबाईची मोटर आणि दहावं गाणं

सुदर्शन आणि नुमान या दोघांनी त्यांचा पहिला अल्बम माझ्या कांदा साठवायच्या बराखीत रेकॉर्ड केला. कांदा आवाज गिळतो, घुमू देत नाही, हा त्यांचा शोध. सुदर्शन माझा पुतण्या, ड्रम बडवतो. नुमान जुन्नरच्या महंमद हनीफ मोटर-वाइंडिंगवाल्यांचा पोरगा. गिटार अशी गरगरवतो की ऐकणाऱ्याच्या पायाखालची जमीन पातळ होते. घाटघरचा वारा, कड्यावरून उलटं वर उडणारं पाणी, धूमकेतू अशी नऊ गाणी झाली. ती ऐकून खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या मोठ्या डिशांनी चार दिवस आमच्या बराखीकडं तोंड केलं होतं. नसेल पटत तर राहू द्या.

दहावं मात्र येईना. शनिवारी सहाच्या आत अल्बम कंपनीकडं गेला नाही, तर सोमवारपासून दुकानात बसेन, असा शब्द नुमाननं बापाला दिलेला. शुक्रवार उजाडला. गडी बसायचा, उठायचा, तारा पिळायचा, पुन्हा सैल करायचा. त्याला बघून माझ्याच तळपायाला मुंग्या आल्या.

"आबा, शेवटचं गाणं मोकळ्या अवकाशाचं. तिथं आवाजच नसतो. वाजवू काय?"

"नसतो कसा? आपल्या सामाईक विहिरीत उतर. भर दुपारी आतनं तारे दिसत्यात, अन् गुणगुणत्यात. बहात्तरच्या दुष्काळात मी तळाला बसून ऐकलंय. त्यातला एक तारा तर लई बेसूर व्हता."

मी आपलं थट्टेत बोललो. हा माइक घेऊन उतरला की!

दोन वाजता वर आला तो लकाकत. "आबा, ऐकलं! जाड, खोल. जन्मापासून ओळखीचं असल्यासारखं. पण तारे मधेच गप्प झाले. उरलेलं उद्या दुपारी घेतो."

कसले तारे! विहिरीच्या तळाला शेजारच्या साळूबाईची पाणबुडी मोटर गुणगुणत होती. पाइप, केबल त्याच्या नाकासमोर लोंबत होती, पण ताऱ्यांना कान लावलेल्याला ती कुठली दिसायला! दोनला शेतीची थ्री फेज लाइट गेली, मोटर बंद, तारे गप्प. आणि शनिवारपासून त्या लाइटची पाळी रात्रीची, म्हणजे दुपारी मोटर चालायचीच नाही.

शनिवारी सकाळी मी खरं काय ते सांगून टाकलं. सुदर्शन हसत कांद्यांवर आडवा झाला. नुमान हसला नाही.

"फेकू नका, आबा."

"जिंदगीत पैल्यांदा फेकत न्हाई, बाबा."

तो बसला, उठला, परत बसला. मग तडक साळूबाईच्या बांधावर. आम्ही मागं.

"मावशी, मोटर चालू करा."

"कशावर? सिंगल फेज हाय."

"कॅपॅसिटर टाकून."

"अन् जळली मंजे?"

"मी वाइंडिंग करून देईन. माझ्या हातानं."

साळूबाईनं खुरपं खाली ठेवलं. "दोनदा तिची तार भरलीय तुझ्या बापानं. तुला येतंय का?"

"येतं," नुमान म्हणाला. हे त्यानं आजवर कुणापुढं कबूल केलं नव्हतं.

नुमाननं कॅपॅसिटर जोडला, माइक विहिरीत सोडला, आणि मोटर कण्हायला लागली. कालच्यापेक्षा जड, दुखऱ्या आवाजात. नुमान विहिरीच्या पायरीवर गिटार घेऊन तिच्या सुराच्या मागं मागं गेला, सुदर्शन पत्र्याच्या डब्यावर. सहा मिनिटं. मग मोटरीचा सूर खाली खाली घसरायला लागला.

"बंद करते रे मेल्या, जळंल!" साळूबाई ओरडली.

नुमाननं नुसता हात वर केला. तिचं बोट स्टार्टरच्या लाल बटणावर होतं. तिनं ते दाबलं नाही. मोटरीनं एक हुंदका दिला आणि ती गेली. विहिरीत अशी शांतता पडली की पारव्यांनीही पंख मिटले.

"हेच," नुमान म्हणाला.

अल्बम पावणेसहाला गेला, साळूबाईच्या ओरडण्यासकट. पोरगा शब्दातून मोकळा झाला. तरी सोमवारी सकाळी तो जुन्नरला दुकानात बसला, मांडीत साळूबाईची मोटर, हातात तांब्याची तार. शेजारी महंमद हनीफ मोबाइल कानाला लावून डोळे मिटून दहावं गाणं ऐकत होते. पूर्ण ऐकलं, पुन्हा ऐकलं.

"आतले बुश घासलेत हिचे, आवाजच सांगतोय," ते म्हणाले. "तार मागनं भर. आधी ते बदल."